दहा मोहरांचं घुबड

पितळी शेगडीत कोळसे पेटवायचे. निखारे फुलले की त्यावर धूप आणि सुकी औषधी पानं टाकायची आणि तासभर मंत्र म्हणत बसायचं. साहित्याचा खर्च १० मोहरा, आणि ते सगळं जळून जातं. तास संपला की शेगडीशेजारी एक घुबड बसलेलं असतं. घुबड नको असेल तर मांजर, उंदीर, बेडूक, डोमकावळा, कोळी, वटवाघूळ, हवा तर समुद्रघोडा. बोलावणाऱ्याची पसंती. आलेला जीव दिसायला पशुपक्षी असला तरी आतून असतो एक आत्मा. तो स्वर्गातला, परीलोकातला की पाताळातला, हेही बोलावणाऱ्यानेच ठरवायचं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत, २०१४ च्या नियमपुस्तकात, 'फाइंड फॅमिलियर' नावाचा मंत्र आहे. त्याची ही कृती. मंत्र पहिल्या पातळीचा, म्हणजे कालपरवा जादू शिकायला लागलेल्या पात्रालाही जमणारा.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक डन्जन मास्टर, बोलताना नुसतं 'डीएम'. जग त्याच्या ताब्यात: दरोडेखोर, दुकानदार, राक्षस, पाऊसपाणी, सगळ्यांच्या वतीने तोच बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी रानावनात वाढलेला रेंजर. आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ छापून आणला, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून. आज कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर ज्या खेळांना आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) म्हणतात त्यांची घराणी बहुतेक करून इथपर्यंत येऊन पोचतात.

आता ते घुबड जरा जवळून बघू. नियमपुस्तकात त्याला हिट पॉइंट दिला आहे फक्त एक. हिट पॉइंट म्हणजे अंगात किती जीव आहे त्याचं माप. म्हणजे कुणीही एक टपली मारली की घुबड संपलं. पण एका फेरीत, खेळाच्या घड्याळात ६ सेकंदांत, ते ६० फूट उडतं. काळोखात १२० फुटांपर्यंत बघतं. शत्रूच्या अंगावरून उडत गेलं तरी शत्रूला त्याच्यावर जाता जाता वार करण्याची संधी मिळत नाही. मालकापासून १०० फुटांच्या आत असेपर्यंत दोघांचं मनातल्या मनात बोलणं चालतं, आणि मालकाने ठरवलं तर तो घुबडाच्याच डोळ्यांनी बघू शकतो, त्याच्याच कानांनी ऐकू शकतो. त्याची किंमत मात्र आहे. तेवढा वेळ मालकाचे स्वतःचे डोळे आणि कान बंद. समोरच्या खोलीत काय चाललंय ते लख्ख दिसतंय आणि आपल्या पाठीमागे कोण येऊन उभं राहिलंय याचा पत्ता नाही. टेबलावर या क्षणी हमखास सगळे गप्प होतात. मला तरी या मंत्रातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. दुसऱ्या जिवाच्या नजरेने बघायचं तर स्वतःची नजर काही काळ सोडावी लागते, हे इथे नियमातच लिहिलंय.

घुबडाचा दुसरा उपयोग लढाईतला. फॅमिलियरला, म्हणजे अशा बोलावलेल्या सोबत्याला, हल्ला करता येत नाही, पण मदत करता येते. ते शत्रूच्या तोंडासमोर फडफडतं, आणि आपल्यातल्या कुणाला तरी वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून त्यातला मोठा आकडा घ्यायची मुभा मिळते. हा फायदा वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. एक फासा टाकला तर सरासरी येते १०.५, दोनांतला मोठा घेतला तर साधारण १३.८. वार लागायला ११ किंवा जास्त हवे असतील तर शक्यता निम्म्यावरून पाऊणपर्यंत जाते. एक हिट पॉइंटचा पक्षी योद्ध्याच्या तलवारीला ही धार लावतो.

आणि मेला तर? तर तो नाहीसा होतो. मागे पीस नाही, रक्त नाही. पुन्हा शेगडी, पुन्हा १० मोहरा, पुन्हा तासभर मंत्र. तोच आत्मा परत येतो.

इथून पुढे टेबलावर काय होतं ते सांगतो, कारण बहुतेक गटांत तेच होतं. पहिल्या एक-दोन बैठकींत घुबडाला नाव असतं, ते जादूगाराच्या खांद्यावर बसतं, सराईतल्या बाईच्या थाळीतलं मांस पळवतं. मग एका भुयारात कुणाच्या तरी डोक्यात येतं की, पुढच्या फरशीखाली सापळा असू शकतो, घुबडाला आधी पाठवू. घुबड मरतं, सापळा कळतो, १० मोहरा खर्ची पडतात. पुढच्या खेपेला कुणी विचारतही नाही. दाराआड काय आहे ते बघायला घुबड, विषाची चव घ्यायला उंदीर. नाव विसरलं जातं आणि 'फॅमिलियर पाठव' एवढंच उरतं.

या खेळातल्या बोलावलेल्या प्राण्याचा सगळा इतिहास मला याच एका गाठीभोवती फिरताना दिसतो. प्राण्याचं मरण महाग केलं तर खेळणारे त्याला बाहेरच काढत नाहीत. स्वस्त केलं तर तो अवजार होतो. नियम लिहिणाऱ्यांनी पन्नास वर्षं ही गाठ वेगवेगळ्या बाजूंनी सोडवायचा प्रयत्न केला आहे, आणि त्यांच्या प्रत्येक प्रयत्नात माणूस-प्राण्याच्या नात्याबद्दल काही ना काही बोललं गेलं आहे.

मुळात हा फॅमिलियर आला कुठून, तेही बघायला हवं. खेळाच्या पुस्तकात तो गोड दिसतो. त्याचं मूळ गोड नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चेटकिणीचे खटले चालत, त्यांत आरोपी बाईजवळ असलेला प्राणी हा पुरावा धरला जाई. १५६६ मध्ये एसेक्स परगण्यातल्या चेम्सफर्डला असा एक खटला झाला आणि त्याची हकिगत तेव्हाच छापली गेली. हॅटफिल्ड पेव्हरल या खेड्यातली एलिझाबेथ फ्रान्सिस नावाची बाई. तिच्या नावावर जो कबुलीजबाब आहे त्यात ती म्हणते की, बारा वर्षांची असताना आजीने तिला चेटूक शिकवलं आणि एक ठिपक्यांचं पांढरं मांजर दिलं. मांजराचं नाव सैतान. ते टोपलीत राहायचं, त्याला दूध-पाव घालायचा, आणि त्याने एखादं काम केलं की दर कामामागे आपल्या रक्ताचा एक थेंब द्यायचा. पंधरा-सोळा वर्षांनी तिने ते मांजर शेजारच्या ॲग्नेस वॉटरहाउस या म्हातारीला देऊन टाकलं आणि बदल्यात एक केक घेतला. ॲग्नेसने मांजर लोकर घातलेल्या मडक्यात ठेवलं. पुढे गरिबीपायी ती लोकर हवी झाली, तेव्हा तिने मांजराचा बेडूक केला. हे सगळं न्यायालयाने खरं मानलं. ॲग्नेसला त्याच वर्षी फाशी दिली.

हा जबाब वाचताना मनात राहतात ती टोपली, दूध-पाव आणि लोकर. बहुधा एका म्हातारीने एक मांजर पाळलं होतं, एवढंच त्यात खरं असेल. १६०४ च्या कायद्याने दुष्ट आत्म्याला खाऊ घालणं, त्याला कामाला लावणं हा देहदंडाचा गुन्हा ठरवला. १६४५ च्या सुमारास मॅथ्यू हॉपकिन्स हा चेटकिणी शोधणारा माणूस एसेक्स आणि आसपासच्या परगण्यांत हिंडत होता. त्याची पद्धत अशी: संशयित बाईला रात्र-रात्र जागं ठेवायचं, तिच्यावर पाळत ठेवायची आणि खोलीत कोणता जीव येतो ते बघायचं. १६४७ मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या चित्रात हे फॅमिलियर नावानिशी काढलेले आहेत. लांब पायांचा, बैलाच्या डोक्याचा शिकारी कुत्रा व्हिनेगर टॉम हा त्यांतलाच. या चित्रात बसलेली एलिझाबेथ क्लार्क ही एका पायाची म्हातारी होती. तिलाही फासावर चढवलं.

आज मुलं हौसेने ज्याचं नाव ठेवतात तो प्राणी अशा टोपलीतून आलेला आहे. म्हणून त्याला फुकट मरायला पाठवताना मला जरा जास्तच लागतं, हे कबूल करतो.

गायगॅक्सने १९७८ च्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीच्या प्लेअर्स हँडबुकमध्ये हा मंत्र घेतला तेव्हा त्याच्या मनात त्या खटल्यांच्या काळातलं हेच भय जागं असावं असं वाटतं, कारण त्याचा नियम कडक आहे. शेगडी तेव्हाही पितळीच, पण धूप आणि पानं १०० मोहरांची; त्यांत बेसिल हवी आणि मांजरांना वेड लावणारी कॅटनिपही हवी. मंत्र एक तासापासून चोवीस तासांपर्यंत कितीही चालू शकतो, आणि वर्षातून एकदाच म्हणता येतो. सोबती आपल्या पसंतीचा नाही. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि जे येईल ते आपलं. काळं मांजर, कावळा, ससाणा, घुबड, बेडूक, वीझल. क्वचित कुणी खास. आणि वीसपैकी पाच आकडे असे की कुणीच येत नाही. १०० मोहरांचा धूप जळून गेला, रात्र संपली, आणि आता पुढच्या वर्षी बघू.

आलेला प्राणी मात्र भरपूर देतो. मांजर मालकाला रात्रीची नजर आणि तीक्ष्ण कान देतं, ससाणा लांबचं दाखवतो, बेडकामुळे दोन्ही बाजूंचं दिसतं. शिवाय प्राणी जवळ असेपर्यंत त्याचे दोन ते चार हिट पॉइंट मालकाच्या हिट पॉइंटांत मिळवले जातात. त्या काळचा पहिल्या पातळीचा जादूगार म्हणजे एक ते चार हिट पॉइंटांचा काटकुळा जीव. त्याचं बळ या एका प्राण्यामुळे दुप्पट व्हायचं. आणि प्राणी मेला तर दिलेल्याच्या दुप्पट हिट पॉइंट कायमचे वजा. मांजराने चार दिले असतील तर ते गेल्यावर आठ जाणार. नवख्या जादूगाराचे तेवढे असायचेच नाहीत, म्हणजे मांजरापाठोपाठ तोही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही शिक्षा अनुभवगुणांवर नेली. दर पातळीमागे २०० गुणांचं नुकसान, फाशाने साथ दिली तर निम्मं, आणि वर्षभर व एक दिवस दुसरा सोबती नाही.

नियम म्हणून हे भारदस्त आहे. खेळताना त्याचा परिणाम उलटा व्हायचा. इतका मौल्यवान जीव कोण लढाईत आणेल? फॅमिलियर झोळीत जायचा आणि मोहीम संपेपर्यंत झोळीतच राहायचा. पात्राच्या कागदाच्या कोपऱ्यात 'घुबड' एवढा शब्द, आणि ज्या दिवशी आगीचा गोळा फुटायचा त्या दिवशी सगळ्यांना आठवायचं की अरे, झोळीत घुबड होतं. मरणाची धास्ती इतकी वाढवली की जगणंच खेळातून गेलं.

त्या जुन्या आवृत्त्यांच्या काळातच खेळात दुसरी एक वाट होती, आणि ती मला फार मोलाची वाटते. ड्रुइड म्हणजे निसर्गाचा उपासक पुरोहित. त्याच्याकडे 'ॲनिमल फ्रेंडशिप' नावाचा मंत्र असे. यात आत्मा वगैरे काही नाही. रानातलं खरं जनावर. साहित्यात त्या जनावराला आवडणारा खाऊ लागतो. मैत्री जमली की त्याला साध्या गोष्टी शिकवायच्या. एकेक गोष्ट शिकवायला पूर्ण आठवडा, आणि सगळं शिक्षण पहिल्या तीन महिन्यांत आटपायला हवं. या काळात त्याला आठवड्याहून जास्त एकटं सोडलं तर ते पुन्हा रानटी होतं. आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या मंत्राला एक अट जोडलेली आहे. मंत्र म्हणणाऱ्याला खरोखरच त्या प्राण्याचा मित्र व्हायचं असेल तरच मंत्र चालतो. मनात दुसरा हेतू असेल तर प्राण्याला तो कळतोच. उदाहरणंही दिली आहेत: त्याला खाण्याचा बेत असणं, किंवा सापळे उडवायला त्याला पुढे पाठवण्याचा.

म्हणजे घुबडाचं जे होतं ते १९८९ मध्येच कुणाला तरी दिसलं होतं, आणि त्याने त्यावर आकड्यांचा उपाय केला नाही. ना हिट पॉइंट वजा, ना मोहरा. त्याने मनातला हेतू नियमात घातला. खेळाच्या नियमपुस्तकात अशी ओळ विरळा. हेतू फाशावर मोजता येत नाही, त्यामुळे डीएमला खेळणाऱ्याच्या डोळ्यांत बघून ठरवावं लागतं, आणि त्यावर वाद होतात हे खरं आहे. तरीही मी ती अट ठेवली असती. पाचव्या आवृत्तीत ती राहिलेली नाही.

तिथून पुढची कहाणी बरीचशी हिशेबाची आहे, आणि हिशेब कृतींचा. या खेळात प्रत्येकाची पाळी येते आणि पाळीत एक मोठी कृती करता येते. ज्याच्याबरोबर अस्वल आहे त्याला दोन पाळ्या मिळतात. बाकीच्यांनी काय करायचं? २००३ च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीत ड्रुइडला पहिल्याच पातळीला लांडगा, गरुड किंवा कुत्रा मिळायचा आणि तो मालकाबरोबर वाढत जायचा. आठव्या पातळीपर्यंत ड्रुइडजवळ तपकिरी अस्वल असे, तो स्वतःही अस्वलाचं रूप घेई, आणि मंत्राने आणखी जनावरं बोलावी. टेबलावरचा योद्धा तलवार घेऊन बघत राही. हा असमतोल त्या आवृत्तीच्या खेळाडूंना अजून आठवतो.

त्याचा धसका घेऊन २०१४ मध्ये रेंजरचा सोबती इतका दाबला गेला की बघवत नाही. बीस्ट मास्टर रेंजरचा लांडगा स्वतःहून काहीच करत नसे. रेंजरने आपली कृती खर्च करून आज्ञा दिली तर तो चावणार; नाही दिली तर उभा. मालकावर तलवारी चालताहेत आणि शेजारी लांडगा स्वस्थ उभा आहे, असं चित्र कायद्याने बरोबर होतं. नंतर दुरुस्ती करून त्याला निदान वार चुकवण्याची परवानगी मिळाली. मेला तर आठ तास खर्च करून दुसरा प्राणी जोडायचा. लोकांनी या पात्राला खूप नावं ठेवली, ती योग्यच होती. लांडगा दुबळा आहे ही तक्रार मला गौण वाटते. तो लांडग्यासारखा वागत नव्हता, हे खरं दुखणं.

नोव्हेंबर २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकाने सुधारणा केली. आता रेंजरला जमिनीवरचा, आकाशातला किंवा पाण्यातला असा सोबती निवडता येतो. आज्ञा द्यायला छोटी कृती पुरते, म्हणजे रेंजर स्वतःचा बाणही सोडू शकतो. सोबती पडला तर तासाभरात त्याला हात लावून मंत्रशक्तीचा एक वाटा खर्च करायचा. मिनिटाभराने तो पूर्ण बरा होऊन उठतो. जवळ जावं लागतं, स्पर्श करावा लागतो, स्वतःतलं काही द्यावं लागतं. किंमत फार नाही, पण ती मोहरांत नाही, हे महत्त्वाचं. प्रतिस्पर्धी खेळ 'पाथफाइंडर'च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने आणखी चोख तोडगा काढला. पाळीत तुमच्या तीन कृती. त्यांतली एक देऊन आज्ञा केली की प्राण्याला दोन मिळतात. प्राणी प्रौढ झाला की आज्ञा नसतानाही तो आपल्या मनाने एखादी हालचाल किंवा वार करतो. वय वाढतं तसं स्वातंत्र्य वाढतं, हे मला पटतं.

कळप बोलावण्याची गोष्ट वेगळी, ती पटकन सांगून पुढे जातो. २०१४ च्या 'कॉन्ज्युअर ॲनिमल्स' मंत्राने आठ लांडगे एकदम आणता येत. लांडगे कळपाने लढतात म्हणून प्रत्येकाला दोन फासे, आठांचे सोळा. लागलेल्या प्रत्येक चाव्याची इजा वेगळी मोजायची, आणि शत्रू खाली पडला का तेही. एका खेळाडूची पाळी संपेपर्यंत बाकीच्यांचा चहा पिऊन व्हायचा. २०२४ च्या पुस्तकात हा मंत्र बदलून टाकला. आता जनावरांचा एकच छायारूप जथा येतो, आणि त्याच्या जवळ असलेल्या शत्रूला इजा होते. टेबलाचा वेळ वाचला. लांडगे मात्र गेले. एकच प्राणी हवा असेल तर टाशाच्या पुस्तकातला 'समन बीस्ट' आहे. त्याला सोन्याचा मुलामा दिलेलं, २०० मोहरांचं ओकचं फळ लागतं, आणि त्याच्या आत एक पीस, केसांचा झुपका आणि माशाची शेपटी. वस्तू अशी की टेबलावर कुणी ती खरोखर करून आणावी असं वाटतं.

कॉम्प्युटरवरच्या खेळांत डीएम नसतो, तरीही प्राण्याला मन देण्याचं काम काहींनी फार चांगलं केलं आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'नेटहॅक'मध्ये चित्रंसुद्धा नव्हती, नुसती अक्षरं आणि चिन्हं. खेळ सुरू होतो तेव्हाच तुमच्याबरोबर बहुधा मांजरीचं पिल्लू किंवा छोटा कुत्रा असतो. त्याला भूक लागते. दुसऱ्या मजल्यावर फार वेळ सोडलं तर तो तुम्हाला विसरून रानटी होतो. शापित वस्तूवर तो पाय ठेवायला कचरतो, आणि त्यावरून ती वस्तू शापित आहे हे तुम्हाला कळतं. म्हणजे इथे त्याच्या नकाराचा उपयोग होतो. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये शिकाऱ्याच्या जनावराला त्याच्या जातीचं खाणं घालावं लागे. उपाशी ठेवलं तर ते नाराज होऊन कमी मारायचं आणि अखेर सोडूनही जायचं. पुढे ही खटपट नको म्हणून काढून टाकली. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये स्क्रॅच नावाचा पांढरा कुत्रा मेलेल्या मालकाच्या शेजारी राखण करत बसलेला सापडतो. त्याला आपण उचलून आणू शकत नाही. हात पुढे करायचा, वास घेऊ द्यायचा, तळ कुठे आहे ते सांगायचं आणि निघून जायचं. यायचं की नाही ते तो ठरवतो. आला, की मग त्याचा चेंडू मिळतो आणि त्या चेंडूने त्याला कुठेही बोलावता येतं. आधी त्याने निवडायचं, मग आपण बोलवायचं. या क्रमामुळेच जगभरच्या खेळाडूंचा त्या कुत्र्यावर जीव जडला असं मला वाटतं.

टेबलावर हे आणायला नियम फारसे बदलावे लागत नाहीत. फॅमिलियर आज्ञा पाळतो असं पुस्तक म्हणतं. ती कशी पाळतो ते डीएमच्या हातात आहे. आमच्याकडे आज्ञा खेळाडूने द्यायची आणि प्राण्याची प्रतिक्रिया डीएमने सांगायची, अशी विभागणी आहे. खेळाडू म्हणतो, घुबड दारातून आत जातं. डीएम म्हणतो, ते चौकटीवर बसलं, मान वळवून तुझ्याकडे बघतंय, पिसं फुगलीत. एवढ्यात सगळ्यांना कळतं की आत काहीतरी आहे. हट्ट धरायचा असेल तर प्राणी हाताळण्याच्या कौशल्यावर फासा टाकायचा, १५ किंवा जास्त आले तर घुबड जाईल. आणि ते नकार देतंय यात एक फेरी गेली ती गेलीच. पात्राच्या कागदावर हिट पॉइंटच्या खाली तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: घुबड काय खातं, कशाला घाबरतं, आणि गटातल्या कुणाच्या खांद्यावर बसत नाही. शेवटची गोष्ट ज्या खेळाडूबद्दल असेल तो त्या दिवसापासून घुबडाला खूश करायच्या मागे लागतो, मांस राखून ठेवतो, आणि भुयाराच्या तोंडाशी सापळ्याचा विषय निघाला की सगळ्यांच्या आधी तोच म्हणतो, घुबड नको, मी काठीने फरशी ठोकून बघतो.